तुकडा जातो कुठे? एका संशोधक बाईची गोष्ट आणि आपली तपासणी

खडवलीत महिलांच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "सिस्टर, गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो म्हणतात. खरं का? आणि तो तुकडा जातो कुठे?" मावशींच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी बायोप्सी सांगून चार महिने झाले होते. 'सुई लागली की संपलं' असं शेजारणीने सांगितल्यामुळे त्या घरीच बसल्या होत्या.

वॉर्डात नोकरी करताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. उत्तर सरळ आहे. डॉक्टरांनी नीट पद्धतीने केलेल्या बायोप्सीने कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. पसरतो तो वाट पाहण्याने. आणि तो तुकडा जातो प्रयोगशाळेत. पेशींचा आकार, मांडणी, रंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठ साधी की कॅन्सरची ते तिथे ठरतं. कोणतं औषध लागू पडेल हेही पुष्कळदा त्याच तुकड्यावरून कळतं.

या पेशींच्या मागे आयुष्यभर लागलेली एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. डॉ. कमल रणदिवे. जन्म 8 नोव्हेंबर 1917, पुणे. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण कमलने वाट धरली संशोधनाची. 1939 साली लग्न होऊन त्या मुंबईला आल्या. पुढे परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून 1949 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. एक लक्षात घ्या, लग्नानंतर दहा वर्षांनी.

मग त्या अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. तिथे शिकल्या 'टिश्यू कल्चर', म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जगवणं. पेशींना त्यांचं अन्न द्यायचं, अंगाएवढी ऊब द्यायची, जंतू शिरू द्यायचे नाहीत. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पण एकदा पेशी जगली की औषधाने ती मरते का, विषाणूने बिघडते का, हे माणसाला त्रास न देता तपासता येतं. परत आल्यावर रणदिवे बाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा हात किती, याचा त्यांनी उंदरांवर अभ्यास केला. कुष्ठरोगाच्या जंतूवरही काम केलं. 1966 ते 1970 त्यांनी त्या केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. 1973 मध्ये इतर बायकांना सोबत घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2001 साली त्या गेल्या.

रणदिवे बाई जिथे हे तंत्र शिकल्या, त्याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेतली आणखी एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी. हेन्रिएटा लॅक्स, तंबाखूच्या शेतात राबलेली गरीब काळी बाई. 1951 मध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर उपचारासाठी ती जॉन्स हॉपकिन्समध्ये गेली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी घेतला गेला. ती त्याच वर्षी, अवघ्या 31 व्या वर्षी वारली. पण तिच्या पेशी मेल्या नाहीत. रोज दुप्पट होत राहिल्या, जगभर गेल्या. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांच्यावर झाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो, याचा पुरावा शोधतानाही त्या कामी आल्या. कुटुंबाला वीसेक वर्षे पत्ताच नव्हता. या पेशी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने 2023 साली वारसांशी समझोता केला.

ही गोष्ट ऐकून दवाखान्याला घाबरायचं नाही. विचारायला शिकायचं. 'हा तुकडा कशासाठी? रिपोर्ट कधी? संशोधनासाठी वापरणार का?' संमतीपत्रावर अंगठा लावण्याआधी ते आपल्या भाषेत समजून घेणं हा आपला हक्क आहे. संशोधनाला नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत.

आता आपल्या कामाचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावायच्या. मिनिटभरात पांढरा डाग दिसला की पुढची तपासणी. महागडं यंत्र नाही. तेवढ्यानेच या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हे 2013 साली जाहीर झालं.

म्हणून तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकीने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. आशाताईंना विचारा. पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, छातीत गाठ, स्तनाग्रातून रक्त, तोंडात तीन आठवडे न भरणारा व्रण, यातलं एकही लपवू नका. मिशरी आजच बंद करा. 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, पुण्यातही तयार होते. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि घरात विज्ञान शिकणारी मुलगी असेल तर तिला सांगा, डॉक्टर किंवा नर्स एवढ्या दोनच वाटा नाहीत. बी.एस्सी., एम.एस्सी. करून नेटची जेआरएफ मिळाली की पीएच.डी.ला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची फेलोशिप वेगळी आहे. रणदिवे बाईंची प्रयोगशाळा ज्या संस्थेत होती, तिचंच आजचं रूप खारघरला ॲक्ट्रेक म्हणून उभं आहे. खडवलीहून लोकलने जाता येतं.

त्या मावशी? बैठकीच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत परळला गेले. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण काखेत गेलेली नव्हती. ऑपरेशन झालं, केमो झाली. परवाच्या बैठकीत शेजारणीला घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. शेजारणीच्याही छातीत गाठ आहे.