मागचा शॉकअप विकताय? आधी टेप घ्या

मित्रांनो, पार्टचं दुकान टाकताय ना, मग नुसतं "गाडी कोणती?" विचारून शॉकअप देऊ नका. "मागे वजन काय नेता?" हेही विचारा.

सुरुवातीला मी एका दूधवाल्या भाऊंना थोडे लांब शॉकअप दिले. गाडी मागून उंच झाली, दिसायला एकदम भारी! पण साइड स्टँड जुनंच. गाडी जास्त कलायला लागली आणि एके दिवशी भरल्या कॅनसकट आडवी झाली. त्यांचं दूध गेलं, माझं गिऱ्हाईक गेलं.

म्हणून जुना शॉकअप काढला की वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. नवा तेवढाच पाहिजे. बुशचं भोकही जुळवा. स्प्लेंडरसारख्या गाडीला दोन असतात. एकच गळत असला तरी जोडी बदला.

रिंग पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं मेकॅनिकसुद्धा सांगतात. तसं नाही. स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, म्हणून गाडी कमी बसते. स्प्रिंग तीच राहते. रोज कॅन किंवा केळी वाहणाऱ्याला जास्त वजनाचीच स्प्रिंग द्या. तीच एकट्या फिरणाऱ्या पोराला दिली तर धुळ्याला जाऊन येईपर्यंत कंबर धरेल.

आणि बाहेर डबी दिसली म्हणजे गॅसचा शॉकअप, असंही नाही. काहींत ती नुसती शोभेची असते. घाऊकवाल्याला विचारा, बिल घ्या. तुमच्या बिलावर गाडीचा नंबर, तारीख टाका. वॉरंटीच्या वेळी तेच लागतं.