सूर आणि सर्किट : मींड घेणारी चंदेरी पेटी

वेल्ह्याकडच्या एका वाचकाचं पत्र बाजूला ठेववत नाही. भोर-वेल्ह्याच्या वरातींत ते बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवायचे. मधे पार्टी मोडली. आता जुने गडी पुन्हा जमलेत, पण सुपाऱ्या डीजेकडे जातात. त्यांनी विचारलंय, डीजेच्या गाण्यात खालचा सूर घसरत जातो, तसा कॅसिओवर का निघत नाही?

या प्रश्नाने मला थेट मुंबईच्या चरणजित सिंगांकडे नेलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातला हा माणूस. 1982 साली एचएमव्हीने त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. त्यातली तिन्ही यंत्रं रोलँड कंपनीची : ज्युपिटर-8 वर राग, टीआर-808 वर ठेका, टीबी-303 वर खर्ज. भैरवी, ललत, भूप, तोडी असे दहा राग. गायक नाही, तबला नाही.

303 ही छोटी चंदेरी पेटी गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेली. तिच्यात सोळा घरांची सुरावट भरायची. कुठल्याही घराला ‘स्लाइड’ लावा, की पुढचा स्वर नव्याने न छेडता आधीचाच सूर तिथवर ओढत नेला जातो. रागदारी कानात मुरलेल्या माणसाच्या हाती ही सोय मींडेच्या जवळ जाते. साध्या कॅसिओत मात्र दर पट्टी नव्याने बोलते. दोन स्वरांमधली वाट तिथे नसतेच. शिवाय 303 वर दोन खुंट्या आहेत. ‘कटऑफ’ सुराची वरची चकाकी छाटते, ‘रेझोनन्स’ छाटल्या जागेचा आवाज टोकदार करते. त्या फिरवत राहिलं की एकच स्वर ‘ऊ’वरून ‘ई’कडे सरकल्यासारखा वाटतो.

रेकॉर्ड चालली नाही. तेव्हाच्या डिस्कोप्रेमींना मुखडा आणि गाणारा गळा हवा होता, रागवाल्यांना आलाप. माझ्या मते रेकॉर्डमध्ये उणं काहीच नव्हतं. 303 सुद्धा पडलीच. 1984 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मग ती जुन्या बाजारात स्वस्त झाली, आणि शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याच खुंट्या पिळून 1987 मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढलं. अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत तिथून पसरलं. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंगांची रेकॉर्ड दिल्लीत सापडली, त्याने 2010 मध्ये ती पुन्हा काढली, आणि सिंग सत्तरीत युरोपातल्या तरुणांपुढे वाजवू लागले. 2015 मध्ये ते गेले. त्यांना अॅसिड हाउसचे जनक ठरवायची घाई मला पटत नाही. त्यांनी राग वाजवले. तेवढं पुरेसं मोठं आहे.

आता तुमचा कॅसिओ. डावीकडे पिच बेंडचं चाक असेल तर त्याची रेंज 2 ठेवा. चाक पूर्ण खाली ओढून पट्टी दाबा आणि चाक हळूहळू सोडा. सूर दोन पट्ट्या खालून चढत येईल. मेनूत ‘पोर्टामेंटो’, म्हणजे सूर ओढत नेण्याची सोय, दिसली तर आणखी उत्तम, फक्त त्यासाठी आवाज ‘मोनो’वर ठेवा.