अंगणातला ओकफळांचा सडा

ओक वृक्षाचे फळ म्हणजे एकॉर्न: टणक, गुळगुळीत कवचाचे आणि देठाकडे खवलेदार टोपी असलेले. अमेरिकेच्या पूर्व भागात शरद ऋतूत घरांभोवतीच्या हिरवळीवर या फळांचा सडा पडतो. पांढऱ्या ओकची फळे एकाच हंगामात पिकतात, तांबड्या ओकच्या फळांना दोन लागतात. दर काही वर्षांनी परिसरातील बहुतेक ओक एकदमच लगडतात. अशा वर्षी अंगण पुन्हा पुन्हा साफ करावे लागते.

फरसबंद वाटेवर ही फळे गोट्यांसारखी घरंगळतात आणि पाय घसरतो. पांढऱ्या ओकची फळे पडल्यावर लवकरच मूळ धरतात. सोटमूळ खोल गेले की रोप उपटणे जड जाते. फळांत टॅनिन असल्याने घोडे व गुरे यांना ती जास्त प्रमाणात खाल्ल्यास विषारी ठरतात.

गवत आधी कापलेले आणि जमीन कोरडी असली की वेचणी सोपी होते. प्रथम पाला हलक्या हाताने बाजूला करतात. मग लवचीक तारांचा पिंजरा जमिनीवर फिरवतात. तारा फाकून फळे आत शिरतात आणि तिथेच अडकतात. फरशीवर झाडू पुरतो.

अख्खी फळे खतात लवकर कुजत नाहीत, प्रसंगी रुजतातही. म्हणून ती आधी ठेचतात. लावणीसाठी फळे पाण्यात टाकून तरंगणारी, बहुधा किडकी वा पोकळ, काढून टाकतात. खारी आणि ब्लू जे पक्ष्यांसाठी थोडी फळे कुंपणाकडेला ठेवता येतात.