आरोग्याची भांडी की सोयीची?

धनत्रयोदशीला एखादे भांडे घरात आणायची रीत जुनी आहे. अलीकडे त्या आठवड्यातल्या जाहिरातींत पातेली-डब्यांपेक्षा यंत्रेच अधिक झळकतात. तेलाविना ‘तळणारा’ एअर फ्रायर, फळांचा रस सावकाश पिळणारा ज्यूसर, भाजीच्या शेवया काढणारे यंत्र. आणि प्रत्येकाच्या खोक्यावर आरोग्याची हमी. वस्तू घरात आली की पथ्य आपोआप पाळले जाईल, असा त्यांचा सूर असतो. रोजचा स्वयंपाक ओट्यावर कसा होतो हे पायरीपायरीने पाहिले, तर अडचण दुसरीकडेच आढळते. पालेभाजी आठवड्यातून एकदाच होते, कारण ती निवडायला आणि धुवायला वेळ लागतो. तिचे गुण न जाणणारे घर विरळाच. उसळ राहून जाते, कारण कडधान्य आदल्या रात्री भिजत घालायचे राहून गेलेले असते. तेल जास्त पडते, कारण कढईचे बूड पातळ असते आणि किटलीच्या तोटीला माप नसते. म्हणून स्वयंपाकघरातल्या साधनाला दोनच प्रश्न विचारावेत. चांगल्या अन्नाच्या वाटेतले कष्ट त्याने कमी होतात का? आणि सैल सुटणाऱ्या हाताला ते माप देते का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, ते साधन थोड्याच दिवसांत माळ्यावर जाते.

कष्टांचा हिशेब आधी करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे ती सांगते. चौघांच्या घरात हे पाळायचे तर रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी हवी, आणि ती कुणीतरी निवडायची, सोलायची, चिरायची. हे काम कुणाच्या वाट्याला येते ते २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात दिसले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे, आणि हे काम करणारे पुरुष मुळात थोडे. त्यामुळे ‘भाज्या जास्त खा’ हा सल्ला घरात शिरताच कुणाच्या तरी कामात भर घालतो. मेथीची एक जुडी घ्या. मुळे छाटायची, पिवळी पाने काढायची, जून देठ खुडून टाकायचे आणि मग माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढायची. इथे उपयोगी पडते ते पसरट मोठे पातेले आणि रोळी. पाने पाण्यात बुडवून हाताने वर उचलली की माती तळाशी राहते. पातेलेच रोळीत उपडे केले, तर तीच माती पुन्हा पानांवर बसते. धुऊन मगच चिरले, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे कमी वाया जातात. खाली बसून काम करणाऱ्याला विळी उत्तम. उभ्या ओट्यावर मात्र धारदार सुरी आणि खाली ओले फडके घातलेली, न सरकणारी फळी हवी. बोथट सुरीने टोमॅटो चेंगरतो, बोटाला इजा होते आणि दुधी सोलायचाही कंटाळा येतो. सुरीला नियमित धार लावली, तर ताटातली भाजी कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त वाढेल.

कष्ट वाचवून आरोग्य राखणाऱ्या साधनाचे सर्वांत चांगले उदाहरण प्रेशर कुकरचे आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये वाफ कोंडणारे भांडे करून दाखवले; आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर १९५९ पासून आले. तत्त्व साधे आहे. कोंडलेल्या वाफेच्या दाबाने पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि तासभर न शिजणारे हरभरे किंवा राजमा थोडक्या वेळात मऊ होतात. वरण, भात आणि उकडायची भाजी एकावर एक डब्यांत, एकाच ज्योतीवर. पोषण संस्था दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवते. कुकर नसता तर गॅसच्या खर्चानेच ती मागे पडली असती. कुकरच्या जोडीला मोड आणायचे भांडे, चाळण किंवा नुसते सुती फडके ठेवावे. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवून धरणारी फायटेट्स घटतात. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायची आपली सवय याच कारणाने शहाणपणाची आहे. त्यातच जाळीचे मोदकपात्र असेल तर अळूवडी, कोथिंबीरवडी, मुटके वाफवता येतात आणि मग तळायचे की थोड्या तेलावर परतायचे, हे ठरवायला घर मोकळे राहते. कुकर घेताना एक गोष्ट पाहायलाच हवी, ती आयएसआय खूण. घरगुती कुकरला २०२१ पासून ती सक्तीची आहे. शिवाय रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेळच्या वेळी बदलले पाहिजेत.

दुसरा प्रश्न मापाचा. फोडणी घालताना हात पाहा. किटली उचलली जाते, कढईवर तिरकी होते आणि तळ चकचकीत दिसला की थांबते. म्हणजे तेल किती हे पदार्थ ठरवत नाही, कढईचा घेर ठरवतो. पोषण संस्थेच्या त्याच ताटात तेल-तूप मिळून दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे धरले आहेत. एका चमच्यात ५ मिलिलिटर तेल मावते आणि त्यातून सुमारे ४० कॅलरी मिळतात. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यातच तूप, लोणी, डब्यातला चिवडा आणि रविवारची भजी आली. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मधल्या ‘मन की बात’मध्ये घरातले तेल १० टक्क्यांनी कमी करायचे आवाहन केले, पण दहा टक्के कशाचे, हे ठाऊक असेल तरच ते पाळता येईल. त्यासाठी किटलीऐवजी रुंद तोंडाची बरणी आणि तिच्यातच राहणारा मापाचा चमचा पुरेसा आहे. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचे-पापडही धरायचे. मापाला साथ हवी जाड बुडाच्या कढईची आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाची. पातळ कढईत भाजी खाली लागते आणि ती सुटावी म्हणून हात पुन्हा तेलाकडे जातो. जाड बुडात उष्णता सारखी पसरते. वर ताटात पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवायची आपल्या घरांतली जुनी पद्धत तिथे नीट चालते. ताटाखाली वाफ थंड होऊन परत भाजीत उतरते आणि दुधी, घेवडा, कोबी अगदी थोड्या तेलात शिजतात.

लोखंडी कढई आणि बिडाच्या तव्याबद्दल हल्ली फार बोलले जाते. त्यातले खरे किती, हे वेगळे काढले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या तपासणीत आंबट, ओलसर आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत लोखंडी भांड्यातून बरेच लोह उतरल्याचे दिसले. इथिओपियात लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांडी वापरणाऱ्या घरांतल्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढले. म्हणजे टोमॅटो घातलेली पालेभाजी लोखंडी कढईत करण्यात अर्थ आहे. पण तव्यावरच्या कोरड्या भाकरीत फारसे लोह उतरत नाही, रक्तक्षयावर कढई हे औषध नाही, आणि थॅलेसेमियासारख्या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह वाढवू नये. लोखंडाला निगाही लागते. भाजी झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर ती काळी पडते; कढई धुतली की कोरडी करून तेलाचे बोट फिरवायचे. इतके करायला घरात कुणी तयार नसेल, तर जाड बुडाची स्टीलची कढई घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई उडालेल्या पितळेत मात्र ठेवू नयेत. पितळेत ताक-आमटी कळकते हे आपल्या घरांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

इथे हमखास निघणारा आक्षेप असा, की ज्या घरात तळणे सुटणारच नाही, तिथे एअर फ्रायर बरा नाही का? तिथे तो बराच. गरम हवा पंख्याने फिरवणारी ती लहानशी भट्टी आहे. समोसा, बटाट्याच्या फोडी, मासे तिच्यात फार कमी तेलात कुरकुरीत होतात. हॉस्टेलमधून परतलेली मुले स्वतः काही भाजून घेतील, हाही तिचा फायदाच. पण दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. बटाटा किंवा ब्रेड १२० अंशांपुढे कोरडा भाजला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये उघड झाले. हवेने भाजल्याने ते पूर्ण टळत नाही. त्याहून मोठी मर्यादा हिशेबाची आहे. घरात तळण आठवड्यातून एकदा होत असेल आणि फोडणी दिवसातून दोनदा, तर तेलाचा मुख्य दरवाजा फोडणी आहे आणि एअर फ्रायर तिथे काहीच करत नाही. नॉनस्टिकचेही असेच तारतम्य हवे. घावन-धिरड्यांना त्याने तेल वाचते. पण पोषण संस्थेच्या सांगण्यानुसार ते १७० अंशांपुढे तापवू नये आणि लेप झिजला की टाकून द्यावे. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्या घरात, स्टीलच्या उलथन्यासोबत, ते टिकणार नाही.

ज्यूसर आणि मिक्सर शेजारी ठेवले की हा भेद आणखी स्पष्ट होतो. ज्यूसर फळातला चोथा फेकून देतो आणि पेल्यात साखर उरवतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर टाळायच्या साखरेतच मोजते. वर त्याचे चार-पाच भाग जाळीसकट घासायचे. उलट १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर केला तो पाट्या-वरवंट्याचे काम हलके व्हावे म्हणून. जवस-कारळ्याची चटणी, भिजवलेल्या मुगाचे धिरडे, ओले वाटण ही सगळी रोजच्या जेवणातली कामे त्याने सोपी केली. म्हणून तो घरोघरी ओट्यावर राहिला. नवी सवय लावू पाहणारे यंत्र बाजूला पडते, आधीच्या चांगल्या सवयीचा भार उचलणारे टिकते.

‘आजीकडे यातले काहीच नव्हते, तरी ती निरोगी होती’ हा आणखी एक आक्षेप. आजीकडे चार बायकांचे हात होते, दिवसभराची चाल होती आणि पाटा-वरवंट्यावर खपलेले तिचे तास कुणी मोजले नाहीत. तो काळ आदर्श मानायचा तर ते कष्टही परत मागावे लागतील. आणि साधनाने सवय बदलत नाही, हे म्हणणे अर्धेच खरे आहे: चमचा बरणीत असला की मापून घालणे सोपे होते, रोळी हाताशी असली की पालेभाजी आजच होते. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा: मापाचा चमचा, धारदार सुरी, रोळी, नीट चालणारा कुकर, जाड बुडाची झाकणाची कढई, पुढचे सगळे त्यानंतर. एक महिना घरात किती तेल संपले ते कॅलेंडरवर लिहा, मग नवे यंत्र हवे का ते ठरवा. आणि ते ठरवायचा पहिला अधिकार, जो रोज त्यात शिजवतो आणि नंतर ते घासतो त्याला द्या.