शुक्रवारचा पंच, शनिवारचा पंच

अमेरिकेत शुक्रवारी हायस्कूलचं फुटबॉल, शनिवारी कॉलेजचं. दोन्हीकडे उभा राहणारा पंच कुठे अडखळतो, ते आता आपण बघू. समजा, तिसरा डाउन आहे, 20 यार्ड हवेत आणि बचावपटूनं चेंडू पोचण्याआधीच झेलणाऱ्याला ढकललं. हायस्कूलमध्ये दंड 15 यार्ड, पण डाउन पुन्हा तिसराच. 5 यार्ड बाकीच! कॉलेजमध्ये दंड जास्तीत जास्त तेवढाच, वर नवा पहिला डाउन आपोआप. 2013च्या आधी हायस्कूलमध्येही तो मिळायचा. काढला ते बरंच झालं, असं आम्हाला वाटतं. शिवाय चेंडू आवाक्याबाहेरचा असेल, तर कॉलेजात हा गुन्हाच नाही. हायस्कूलमध्ये मात्र आहे. टेक्सासच्या पंचांना ही कसरत नाही. तिथल्या सरकारी शाळा कॉलेजच्याच नियमांनी खेळतात.