इंपालाची परतफेड

‘इंपाला’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे ती लांबलचक अमेरिकन मोटार उभी राहते. शेव्हरोले कंपनीने १९५८ साली तिला हे नाव दिले. परंतु नाव मूळचे झुलू भाषेतले, आणि त्याचा खरा धनी म्हणजे केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या झुडपी माळरानांवर नांदणारा एक तांबूस, सडपातळ कुरंग होय.

नराच्या मस्तकावर डौलदार वळणे घेतलेली लांब शिंगे असतात, मादी बिनशिंगी. धोक्याची चाहूल लागताच सारा कळप चौफेर उसळतो. तीन मीटर उंच आणि दहा मीटरपर्यंत लांब अशी ती झेप! बिबट्या, चित्ता, रानकुत्रे यांच्या तावडीतून अनेकदा तीच त्याला सोडविते.

परंतु आम्हांला विशेष नवल वाटते ते त्याच्या एका साध्या सवयीचे. झुडपांतून चरताना त्याच्या अंगाला रक्तपिपासू गोचिडी चिकटतात. पाठ, कुशी त्याला स्वतःच्या दातांनी विंचरता येतात. मान आणि डोके यांपर्यंत मात्र तोंड पोहोचत नाही. मग दोन इंपाला समोरासमोर उभे राहतात. एक जण खालच्या दातांची फणी करून दुसऱ्याची मान काही वेळा विंचरतो आणि थांबतो. लागलीच दुसरा जवळजवळ तितक्याच वेळा त्याची परतफेड करतो. बेंजामिन व लिनेट हार्ट या शास्त्रज्ञद्वयाने १९९२ साली या देवघेवीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती केवळ रक्ताच्या नात्यापुरती नसते, हे त्यातील लक्षणीय.

या व्यवहारातून बाहेर पडतो तो सत्ताधारी नर. दक्षिण आफ्रिकेत मे महिन्याच्या सुमारास माजाचा काळ येतो. आपला टापू राखणे, प्रतिस्पर्ध्यांना हुसकावणे, माद्यांना वळवून आणणे, यांत तो गुंतून जातो. चरणे कमी होते, अंग विंचरणेही मागे पडते. गोचिडी वाढतात, देह खंगतो. अखेरीस ताज्या दमाचा दुसरा नर त्याला हटवितो.

हरलेला नर मग इतर नरांच्या कळपात परततो. तेथे पुन्हा पोटभर चरावयास मिळते, आणि मान विंचरावयास सोबतीही. आपण जेथवर पोहोचू शकत नाही तेथे दुसऱ्याने पोहोचावे, आणि त्याचे ऋण आपण तत्काळ फेडावे, एवढाच हा त्यांचा कुलाचार आहे.