दुखत नाही, म्हणजे दात बरे आहेत?

दाढ ठणकायला लागली की आधी लवंगेचे तेल, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि तेवढ्यावर भागले नाही तर औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळी. दोन-तीन दिवसांत ठणका थांबतो आणि घरात सगळ्यांना वाटते, दाढ बरी झाली. तोंडाच्या आजारांबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांतला फार महागात पडणारा हा एक.

दाताच्या बाहेरच्या कवचाला, म्हणजे इनॅमलला, नसा नसतात. कीड तिथे असते तोवर काहीच जाणवत नाही. ती आतल्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, पोहोचली की गार किंवा गोड खाताना कळ येते, आणि दाताच्या गाभ्याला भिडली की झोप उडते. पुढे हा गाभा मरतो आणि दुखणे थांबते. दाढ बरी झालेली नसते, दुखणे सांगणारी नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकापर्यंत उतरतात, तिथे पू धरतो आणि एखाद्या दिवशी अचानक गाल सुजून येतो.

दाढदुखीवर अँटिबायोटिकचा कोर्स पुरेसा असतो, ही समजूतही तशीच पक्की. तिची तपासणी २००० साली अमेरिकेत झाली. गाभ्याला सूज आल्याने तीव्र ठणका असलेल्या ४० रुग्णांपैकी काहींना पेनिसिलिन दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. सात दिवस दोन्ही गटांच्या दुखण्याची नोंद ठेवली, तर फरक पडला नाही. चाचणी लहान होती, पण तिचा निष्कर्ष शरीररचनेशी जुळतो. गाभा मेला की तिथला रक्तपुरवठा बंद होतो, आणि रक्त जिथे पोहोचत नाही तिथे औषध कसे पोहोचणार? ताप असेल, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल तर अँटिबायोटिक हवेच. नुसत्या ठणक्यावर खरा उपाय म्हणजे आतली घाण काढणे, म्हणजेच रूट कॅनाल, किंवा दात वाचण्यासारखा नसेल तर तो काढणे.

रूट कॅनाल केलेला दात शरीरात विष सोडतो, अशीही भीती समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते. तिचे मूळ १९२०च्या दशकात आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून तसे निष्कर्ष काढले होते. पुढे नीट तुलना ठेवून केलेल्या प्रयोगांत ते टिकले नाहीत. तोवर कित्येकांचे वाचवता आले असते असे दात उपटून झाले होते.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दातांच्या संवेदना वाहणारी नस आणि दृष्टीची नस या मेंदूतून निघणाऱ्या दोन वेगळ्या नसा आहेत. दाढ काढल्याने दृष्टीच्या नसेला धक्का लागत नाही. किडलेल्या वरच्या दाढेचा पू मात्र तसाच राहू दिला, तर त्याचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे डोळ्याची काळजी असेल, तर दाढेवर उपचार टाळणे हाच धोका आहे.

आता हिरड्या. ब्रश करताना रक्त आले की अनेक जण त्या जागी ब्रश फिरवणेच बंद करतात. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या सवयीला थेट उत्तर देतो. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. दातांवर थर साचत गेला, आणि १० ते २१ दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला आणि हिरड्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. रक्त येते ते ब्रशने नव्हे, थर साचल्याने. रक्त येणारी जागाच हळुवारपणे, पण नीट घासायची असते.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: आमच्या आजोबांनी आयुष्यात ब्रशला हात लावला नाही, तरी सत्तरीत ऊस सोलून खायचे, ते कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर श्रीलंकेच्या चहामळ्यांत मिळाले. लो यांच्याच चमूने तिथल्या ४८० मजुरांच्या हिरड्या १९७० पासून १५ वर्षे तपासल्या. हे मजूर दातांची निगा राखत नव्हते, दंतवैद्य त्यांच्या वाट्याला येत नव्हता, आणि दातांवर थर सगळ्यांच्याच होता. तरी ११ टक्के लोकांचा आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेला नाही. ८१ टक्क्यांत तो हळूहळू वाढत राहिला. उरलेल्या ८ टक्क्यांत त्याचा वेग इतका होता की पस्तिशीपर्यंत १२ दात गेले, चाळिशीत २०, आणि पंचेचाळिशीत तोंडात दात उरला नाही. त्यांच्या दातांना कीड जवळजवळ नव्हती. दात गेले ते हिरड्या आणि हाडाच्या आजाराने, आणि या आजारात बहुधा ठणका नसतो.

आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटातला, हे आधी कोणी सांगू शकत नाही. (आजार समोर दिसत असताना १५ वर्षे नुसत्या नोंदी घेणारा असा अभ्यास आज कोणत्याही नैतिकता समितीपुढे अडेल, आणि अडायलाच हवा.)

क्लीनिंग केल्याने दात हलायला लागतात, हा समजही इथेच तपासून घ्यावा. हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेला असतो. घट्ट बसलेले किटण आणि सुजलेली हिरडी यांमुळे ते जाणवत नाही. किटण निघाले, सूज उतरली की दातांमधल्या फटी दिसतात आणि दोष क्लीनिंगवर येतो. मात्र सहा महिन्यांनी क्लीनिंग सगळ्यांनाच हवे, या दंतवैद्यांमधल्या रूढ समजुतीलाही संशोधनाने सोडलेले नाही. ब्रिटनमध्ये १,८७७ प्रौढांचे तीन गट करून तीन वर्षे पाहिले: दर सहा महिन्यांनी क्लीनिंग, वर्षाने क्लीनिंग, आणि नाहीच. २०१८ मध्ये निकाल आला, तेव्हा हिरड्यांच्या आरोग्यात फरक आढळला नाही. हे लोक नियमित तपासणीला येणारे होते आणि हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते, हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हिरड्यांतून पू येतो, त्याने हा निकाल दाखवून उपचार टाळू नयेत.

मधुमेह असेल तर अजिबातच टाळू नयेत. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र अभ्यासल्या, तेव्हा हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी दाखवणारा आकडा, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले.

गरोदरपणात दातांना हात लावू नये, असे घरातल्या मोठ्या बायका सांगतात. अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होतील, ही संशोधकांची आशा खरी ठरली नाही. पण उपचारांनी आई-बाळाला अपाय झाला नाही आणि हिरड्या सुधारल्या. नऊ महिने दाढ दाबून बसण्याचे कारण नाही.

गोड खाल्ल्याने दात किडतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण कसे, याचा पुरावा एका अस्वस्थ करणाऱ्या ठिकाणाहून येतो. स्वीडनमधल्या लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्दाम साखर खाऊ घातली गेली. काहींना दातांना चिकटून राहील अशी खास टॉफी, तीही दोन जेवणांच्या मधे. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांच्या दातांचे फारसे बिघडले नाही, टॉफीवाल्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. किती गोड, यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, याला अधिक महत्त्व असते हे त्यातून कळले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते, त्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान आले आहे. जेवणानंतरचा गुलाबजाम आणि दिवसभर तासातासाला बिस्किट, यांत मुलाच्या दातांना दुसरी सवय जास्त घातक. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून सोडून देणेही चूक, कारण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर गेल्या तर खालून येणाऱ्या दातांची जागा जाते.

महाराष्ट्राचा खरा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. तो मिश्री, खर्रा, मावा आणि सुपारीचा आहे.

मिश्री लावल्याने दात घट्ट होतात असे आजही गावोगावी ऐकू येते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. भाजल्याने तंबाखूचा तंबाखूपणा जात नाही. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ असे सांगणाऱ्या बाईच्या रक्तात निकोटिन जातच असते, म्हणून तर ती लावल्याशिवाय सकाळ सुरू होत नाही. सुपारीत तंबाखू नसते, तेव्हा ती निर्धोक, हा दुसरा भ्रम. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होत जाते, तिखट झोंबते, आणि शेवटी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत. सबम्युकस फायब्रोसिस या विकाराचे वर्णन मुंबईत एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवले. सुगंधी सुपारीची पुडी शाळेच्या दारात मिळते, ती याच कर्करोगकारकांच्या यादीतली वस्तू आहे.

‘इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय उपयोग?’ याचे उत्तरही भारतातच शोधले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. पुढे त्यांच्या गटाने इतर राज्यांतल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना ती सोडायला समजावले आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, त्यांच्यात कर्करोगाआधी येणारे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. उशीर झाला तरी सोडण्याचा फायदा होतो.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने तर माणसे जातात. बायोप्सीला नकार देऊन काढ्या-लेपांत चार महिने घालवले जातात आणि तेवढ्यात गाठ मानेत उतरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा ५०० रुग्णांची त्यात तुलना होती. एका गटात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या, दुसऱ्या गटात गाठ दिसल्यावरच काढायचे ठरले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. सुरी वेळेवर आणि पुरेशी लागली, म्हणून ही जास्तीची माणसे जगली.

त्याहीआधी नुसते पाहणेसुद्धा जीव वाचवते. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ १३ भागांत विभागलेल्या सुमारे १,९२,००० लोकांवर १९९६ पासून मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या काही भागांत प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंड तपासत, बाकीचे भाग तुलनेसाठी होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून हे घरीही करता येते. गाल बाहेर ओढून आतली बाजू पाहा, ओठ उलटा, जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात किंवा कमी उघडणारे तोंड यांपैकी काहीही आढळले तर थांबू नका, दुखत नसले तरी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, नाहीतर जवळच्या जिल्हा रुग्णालयात जा. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल, खर्रा खात असेल, तर त्यांचे तोंड या आठवड्यातच तपासा.